कर भरायचा शून्य, कर खर्च 53

नव्या नोकरीत रुजू झाले तेव्हा वर्ष संपायला तीन महिने होते. कंपनी सलग पाच वर्षं तोट्यात, सहावं चालू. ताळेबंदाची एकेक ओळ उघडून तिच्यामागचं वर्किंग बघायचं ही माझी जुनी सवय, पण कराच्या खात्यांकडे मी अगदी शेवटी वळले. आधीची कंपनी नफ्यातली होती. तिथे आगाऊ कर, तरतूद, रिटर्न, असेसमेंट यांतच अर्धं वर्ष जायचं. इथे करंट टॅक्सच्या, म्हणजे यंदा प्रत्यक्ष भरायच्या कराच्या, रकान्यात आडवी रेघ. म्हटलं, चला, एक काम तरी कमी.

मग मालमत्तेच्या बाजूला एक ओळ दिसली: डिफर्ड टॅक्स ॲसेट (निव्वळ), 60.

आकडे मी बदललेत, प्रमाणं जवळपास तीच ठेवलीत, चलन कुठलंही धरा. कंपनीचं नेटवर्थ 140 होतं. म्हणजे भागधारकांचं म्हणून जे काही शिल्लक होतं त्यातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग या एका ओळीवर उभा होता. ते यंत्र नव्हतं, गोदामातला माल नव्हता, कुणा गिऱ्हाइकाकडून येणं नव्हतं. शेजारच्याच ओळीत कराचा परतावा म्हणून 6 होते, गिऱ्हाइकांनी बिलातून कापून सरकारात भरलेले. ते 6 खरे होते. त्यांच्या पावत्या होत्या, उशिरा का होईना ते परत येणार होते. त्या 60 ची पावती कुठेच नव्हती.

या खात्याशी ज्यांचा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समजा कंपनीला यंदा 100 तोटा झाला आणि कराचा दर 25 टक्के आहे. यंदा कर शून्य. पण कायदा हा तोटा पुढच्या वर्षांत नेऊ देतो. पुढे नफा झाला की त्यातून हा तोटा वजा होतो आणि 25 कर वाचतो. हे वाचणारे 25 आजच मालमत्ता म्हणून दाखवता येतात: डिफर्ड टॅक्स ॲसेट नावे, कर खर्च जमा. एंट्री पडली की यंदाचा तोटा 100 ऐवजी 75 दिसायला लागतो. सगळी मेख 'पुढे नफा झाला की' या चार शब्दांत आहे. वर आणखी एक गंमत म्हणजे हा कर सात वर्षांनी वाचणार असला तरी ती रक्कम आजच्या किमतीत आणायची नाही, आयएएस 12 या आयकरावरच्या आंतरराष्ट्रीय हिशोब प्रमाणकात डिफर्ड टॅक्सला डिस्काउंटिंग करायला मनाई आहे. दुसरं कुठलंही लांबचं येणं आपण इतक्या मोठ्या मनानं पूर्ण किमतीला धरत नाही.

आधीचे अकाउंटंट निवृत्त झाले होते. ऑफिसात सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही फोनवर काकाच म्हटलं.

"काका, या साठाची शीट कुठे आहे?"

"टॅक्स-फायनल नावाची फाइल असेल बघ. त्यात 'नवीन' नावाची शीट आहे, ती बघू नकोस, ती जुनी आहे. 'जुनी' नावाची आहे ना, ती चालू."

शीट सापडली. वर्षागणिक एक ओळ, प्रत्येक ओळीत तोटा, त्याच्यापुढे गुणिले 25 टक्के, खाली बेरीज. एकूण तोटा 360, त्यावर ॲसेट 90. यंत्रांवर कर कायद्यानं दिलेला घसारा आमच्या वह्यांतल्या घसाऱ्यापेक्षा वेगानं पडत असल्यामुळे उलट बाजूला 120 चा फरक होता, त्याची डिफर्ड टॅक्स लायबिलिटी, म्हणजे पुढे कधीतरी भरावा लागणारा कर, 30. नव्वदातून तीस गेले, निव्वळ 60. गणित बिनचूक होतं. पण नफा कुठून येणार याबद्दल त्या शीटमध्ये एकही ओळ नव्हती.

काकांना मी ते विचारलं. ते जरा थांबले. म्हणाले, "पहिल्या वर्षी बरोबर होतं गं. एक उत्पादन बंद करायचं ठरलं होतं, तोटा बहुतेक त्याचाच होता. ते बंद झालं की नफाच होणार होता. तेव्हाच्या ऑडिटरनीही मान्य केलं. पुढच्या वर्षी आधीची शीट उघडली, एक ओळ वाढवली. मग तेच चालत राहिलं."

त्यांच्यावर माझा राग नाही. पहिल्या वर्षी मी असते तर मीही तेच केलं असतं. अशा गोष्टी कुणी एका दिवसात ठरवून करत नाही, दरवर्षी एक ओळ वाढत जाते.

मी सुरुवात केली ती तोट्याच्याच आकड्यापासून. पुढे वापरता येतो तो रिटर्नमधला तोटा, नफा-तोटा पत्रकातला नव्हे, आणि या दोहोंचा मेळ कुणीतरी घालून ठेवला असेल अशी आशा सोडूनच बसले होते. पाच वर्षांची रिटर्नं, असेसमेंटच्या ऑर्डर आणि काकांची शीट, तिन्ही टेबलावर मांडली. मदतीला एक नवा मुलगा होता. तो आकडे वाचायचा, मी खूण करायची. दुसऱ्या वर्षाशी आल्यावर तो म्हणाला, "मॅडम, या रिटर्नची तारीख मुदतीनंतरची आहे."

अकरा दिवस उशीर. आमच्या कायद्यात रिटर्न मुदतीत भरलं नाही तर त्या वर्षीचा धंद्यातला तोटा पुढे नेता येत नाही, घसाऱ्याला मात्र ही अट नाही. म्हणजे त्या वर्षीचा 28 चा तोटा चार वर्षांपूर्वीच गेला होता आणि त्यावरचे 7 आम्ही अजून मालमत्ता म्हणून मिरवत होतो. अकरा दिवस का लागले याचं कारण फाइलमध्ये एका पिवळ्या चिठ्ठीवर होतं: सही करणारे डायरेक्टर प्रवासात.

उरले 332. त्यातला 112 न वापरलेला घसारा, म्हणजे नफाच नसल्यामुळे वजा न झालेला, त्याला मुदत नाही. बाकी 220 धंद्यातला तोटा, तो आठ वर्षांत वापरायचा, नाहीतर गेला. वर्षवार पाहिलं तर पहिल्या वर्षाचे 58, तिसऱ्याचे 64, चौथ्याचे 53, पाचव्याचे 45. काकांच्या शीटमध्ये ही फोडही नव्हती आणि मुदतीचा रकानाही. एका वर्षी असेसमेंटमध्ये 12 चा खर्च नामंजूर झाला होता, त्यावर अपील चालू होतं. अशा वादातल्या रकमांचं काय करायचं ते आयफ्रिक 23, म्हणजे आयएएस 12 च्या जोडीचा अर्थनिर्णय, सांगतो. करखातं आपली भूमिका मान्य करण्याची शक्यता जास्त असेल तर ती रक्कम तशीच धरायची, नसेल तर अनिश्चितता आकड्यात दाखवायची. नेमक्या याच मुद्द्यावर वरच्या न्यायालयाचा निकाल करदात्याच्या बाजूनं लागलेला होता, म्हणून ते 12 आत ठेवले. हा भाग सोपा निघाला.

खरा प्रश्न पुढचा होता. 332 वरचे 83 मालमत्ता म्हणून ठेवायचे कशाच्या जोरावर?

आयएएस 12 चे 34 ते 36 हे परिच्छेद मी परीक्षेसाठी पाठ केले होते, वाचले मात्र त्या आठवड्यात पहिल्यांदा. पुढे करपात्र नफा होण्याची शक्यता जितकी, तितकाच ॲसेट धरा, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण 35 वा परिच्छेद म्हणतो की न वापरलेला तोटा शिल्लक असणं हाच पुढे नफा कदाचित होणार नाही याचा भक्कम पुरावा आहे. अलीकडे सतत तोटा होत असेल तर नुसता अंदाज पुरत नाही, पटेल असा दुसरा पुरावा लागतो. हातात आधीच एक लायबिलिटी असेल, तर तेवढ्यापुरती मात्र सूट आहे.

ही सूट बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटते. आमची घसाऱ्याच्या फरकाची 30 ची लायबिलिटी पुढच्या वर्षांत उलटणार होती. म्हणजे त्या त्या वर्षी करपात्र उत्पन्न वह्यांतल्या नफ्यापेक्षा तेवढं जास्त येणार होतं, धंद्यात नफा होवो की तोटा. त्या 120 समोर आमचा जुना तोटा उभा राहू शकत होता. यासाठी नफ्याची भाकितं लागत नाहीत. खातं एकच हवं, म्हणजे कर घेणारं सरकार तेच, करदाती कंपनी तीच, आणि फरक उलटण्याचं वेळापत्रक तोट्याच्या मुदतीशी जुळायला हवं. आयएफआरएसच्या, म्हणजे या आंतरराष्ट्रीय प्रमाणकांच्या, अर्थनिर्णय समितीनं मे 2014 मध्ये हेच स्पष्ट केलं होतं: कंपनीला पुढेही तोटाच होणार असं दिसत असलं तरी उलटणाऱ्या लायबिलिटीइतका ॲसेट धरायचाच. जिथे कायदाच एका वर्षात तोट्याचा काही हिस्साच वापरू देतो, तिथे तो ॲसेटही तितकाच आक्रसतो. अमेरिकेत 2018 पासूनच्या तोट्यांना करपात्र उत्पन्नाच्या 80 टक्क्यांची मर्यादा आहे, तिथे 120 समोर 120 उभे करून चालत नाही. आम्हाला तशी मर्यादा नव्हती.

वेळापत्रक करायला दोन दिवस गेले. प्रत्येक यंत्राचं उरलेलं आयुष्य, वह्यांतला घसारा, कायद्यातला घसारा, दोहोंतला फरक कुठल्या वर्षी किती उलटतो. 120 उलटायला नऊ वर्षं लागत होती. सुरुवातीच्या वर्षांत उलटणारा भाग आधी धंद्यातला तोटा खाणार, कारण कायद्यात क्रम तसाच आहे. शेवटच्या वर्षांतला भाग मुदत नसलेला घसारा खाणार. काहीही करा, 120 समोर 120 पूर्ण बसत होते. म्हणजे 83 पैकी 30 ठेवायला काहीच अडचण नव्हती. लायबिलिटी 30, ॲसेट 30, ताळेबंदात निव्वळ शून्य.

उरलेल्या 53 ना पुरावा हवा होता.

पुरावा म्हणून एमडी साहेबांनी पुढच्या पाच वर्षांचं प्रोजेक्शन पाठवलं. विक्री दरवर्षी 22 टक्क्यांनी वाढणार, तिसऱ्या वर्षी नफा, पाचव्या वर्षी मागचं सगळं भरून निघणार. आलेख पहिली दोन वर्षं जमिनीवर सरपटत होता आणि मग थेट आभाळात. मी तो सेल उघडला. 22 टक्के हा आकडा कुठल्या सूत्रातून आलेला नव्हता, हातानं टाइप केलेला होता. मग मागच्या पाच वर्षांची प्रोजेक्शनं शोधून काढली. पाचही ठिकाणी 22 टक्के. पाचही ठिकाणी तिसऱ्या वर्षी नफा. ते तिसरं वर्ष दरवर्षी एकानं पुढे सरकत होतं. दुकानातल्या 'आज रोख, उद्या उधार' या पाटीसारखं, तो उद्या काही उजाडत नव्हता.

मी एक साधा तक्ता केला. डावीकडे प्रत्येक वर्षी काय अंदाज दिला होता, उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं. रंग नाहीत, आलेख नाही, शेरा नाही. दहा आकडे. या सगळ्या कामात मी केलेली सगळ्यात उपयोगाची गोष्ट कुठली विचाराल तर हा तक्ता.

साहेबांना मी तो ऑडिटरच्या आधी दाखवला. पाठीमागून त्यांना कळलं असतं तर ते बरं दिसलं नसतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बंद केलेल्या उत्पादनाचा तोटा काढून बघ की. तो काही पुन्हा होणार नाहीये."

मुद्दा रास्त होता, 36 व्या परिच्छेदातही तो आहे: तोटा पुन्हा होणार नाही अशा ओळखता येणाऱ्या कारणानं झाला होता का. मी काढून बघितला. 360 पैकी 70 त्या उत्पादनाचे. उरलेले 290 चालू धंद्याचे, आणि चालू वर्षातही त्याच धंद्यात तोटा होत होता.

"आणि त्या मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर?"

"साहेब, ते इरादापत्र होतं. तेही त्यांनी यंदा मागे घेतलं."

"पण ही सगळी कागदावरची एंट्री. बँकेतून एक पैसा जात नाही. एवढा गदारोळ कशाला?"

तेव्हा मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. 2007 च्या तिसऱ्या तिमाहीत जनरल मोटर्सनं अशाच ॲसेटसमोर 38.6 अब्ज डॉलरची तरतूद केली आणि त्या तिमाहीचा तोटा सुमारे 39 अब्ज झाला. त्यातही रोख गेली नव्हती. अमेरिकेतल्या पद्धतीत ॲसेट खोडत नाहीत, त्याच्यासमोर व्हॅल्युएशन अलाउन्स उभा करतात, परिणाम तोच. दुसरी गोष्ट जपानमधली. 2003 मध्ये रेसोना बँकेला पाच वर्षांच्या अपेक्षित नफ्यावर आधारलेला ॲसेट धरायचा होता, ऑडिटरनं तीनच वर्षं मान्य केली. तेवढ्या एका फरकानं बँकेचं भांडवल 4 टक्क्यांच्या किमान पातळीखाली गेलं आणि सरकारला सुमारे 1.96 लाख कोटी येन ओतावे लागले. कागदावरची एंट्रीच होती तीही.

आपण काही बँक नाही, असं साहेब म्हणाले. खरं होतं. पण आपल्या डोक्यावर बँक होती.

कर्जाच्या करारात अट होती की वर्षअखेरीला नेटवर्थ 100 च्या खाली जाता कामा नये. जुन्या पद्धतीनं हिशोब केला तर यंदाचा करपूर्व तोटा 40, त्यावर 10 चा नवा डिफर्ड टॅक्स धरायचा, करोत्तर तोटा 30. 140 मधून 30 गेले, उरले 110. अट पाळली. माझ्या हिशोबानं उशिरा भरलेल्या रिटर्नचे 7 आधीच्या वर्षाची चूक म्हणून सुरुवातीच्या शिलकीतून जाणार, म्हणजे 133. यंदाचा तोटा 40, त्यावर डिफर्ड टॅक्सचा फायदा शून्य, वर 53 कर खर्च. करोत्तर तोटा 93, नेटवर्थ 40.

110 आणि 40. धंदा तोच, यंत्रं तीच, बँकेतली शिल्लक तीच. हा फरक स्वतःच्या डोळ्यांसमोर उभा राहीपर्यंत साहेब नेमकं कशासाठी भांडतायत हे मला कळलं नव्हतं.

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. वर्षअखेरीला कर्जाची अट मोडलेली असेल आणि बँकेची सूट त्या तारखेच्या आत हातात नसेल, तर दीर्घ मुदतीचं अख्खं कर्ज चालू देण्यांत, म्हणजे वर्षभरात फेडायच्या देण्यांत, दाखवावं लागतं. दोन महिन्यांनी बँकेनं कितीही प्रेमानं पत्र दिलं तरी ते उपयोगाचं नाही. साहेबांना थांबायचं होतं. ऑडिट तर होऊ दे, त्यांनी काढलं तर बघू. मी म्हटलं, त्यांनी काढेपर्यंत तारीख उलटून गेलेली असेल. त्या दिवशी ते माझ्यावर चिडले होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच बँकेची वेळ घेतली.

बँकेत मी पोटात गोळा घेऊन गेले होते. समोरच्या अधिकाऱ्यांनी आमचा कागद वाचला, बाजूला ठेवला आणि आपल्या स्क्रीनवरची रेटिंगची शीट आमच्याकडे वळवली. करारात नुसतं नेटवर्थ लिहिलं होतं, पण त्यांच्या स्वतःच्या हिशोबात आमचं नेटवर्थ मागच्या वर्षीसुद्धा 80 च होतं. "डिफर्ड टॅक्स आम्ही आमच्या बाजूनं पहिल्यापासून वजाच करतो," ते म्हणाले. ज्या साठासाठी आम्ही पाच वर्षं शीट जपली, ते पैसे देणाऱ्यानं कधी मोजलेच नव्हते. सूट मिळाली, वर्षअखेरीच्या सोळा दिवस आधी, त्या तारखेपासून बारा महिन्यांच्या वर. बदल्यात प्रवर्तकांनी कंपनीला दिलेलं कर्ज बँकेच्या आधी फेडायचं नाही, अशी अट आली.

ऑडिटर यंदा बदलले होते. नव्या पार्टनर बाई वर्किंग बघत असताना फार बोलल्या नाहीत. वेळापत्रकातली दोन यंत्रं त्यांनी स्वतः तपासली, तक्ता फाइलला लावला. मग एकच प्रश्न विचारला, ज्याची मला धास्ती होती.

"हे 53 यंदाच का? मागच्या वर्षी पुरावा होता का?"

यात सगळं आलं. मागच्या वर्षीही पुरावा नव्हता असं म्हटलं तर ती आधीच्या वर्षाची चूक ठरते, मागच्या वर्षीचे आकडे नव्यानं छापावे लागतात आणि यंदाच्या पत्रकात 53 येत नाहीत. मागच्या वर्षी पुरावा होता आणि यंदा तो गेला असं म्हटलं तर तो अंदाजातला बदल, तो यंदाच्या खर्चात. मी इरादापत्र दाखवलं: मागच्या ताळेबंदाच्या तारखेला ते हातात होतं, यंदा रद्द झालं. त्या पत्रातल्या मालाचं प्रमाण खरंच मोठं होतं. बाईंनी ते दोनदा वाचलं, रद्द झाल्याची ईमेल वाचली आणि मान्य केलं. रिटर्नचे 7 मात्र निखालस चूक, त्यावर चर्चाच नव्हती, ते मागच्या वर्षात गेले.

खरं सांगायचं तर त्या उत्तरावर माझं आजही पूर्ण समाधान नाही. सहीचा करार नसलेलं एक पत्र म्हणजे पटण्याजोगा पुरावा, असं मागच्या वर्षी कुणी मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. पण मागच्या वर्षी मी नव्हते, ज्यांनी ठरवलं त्यांनी ते पत्र बघून ठरवलं होतं, आणि मागाहून शहाणपण आलं म्हणून मागचा निर्णय चूक ठरवता येत नाही. या रेषेवर मी पुष्कळ विचार केला आहे. ती बारीक आहे.

बोर्डाच्या मीटिंगला मी पहिल्यांदाच बसले होते. कागद फिरले आणि एक ज्येष्ठ डायरेक्टर चष्मा वर करून म्हणाले, "तोटा 40. त्यावर कर 53? सरकारला आपण 53 देतोय?"

"नाही सर. सरकारला शून्य."

"मग हे 53 कुणाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उत्तर द्यायला मी दर जुळवणीचा तक्ता पुढे केला, ताळेबंदासोबतच्या टिपांमधला तोच एक तक्ता मला मनापासून आवडतो. 40 च्या तोट्यावर 25 टक्क्यांनी अपेक्षित कर उणे 10. कायद्यानं नामंजूर होणारा 4 चा खर्च, त्याचा परिणाम अधिक 1. यंदाच्या उरलेल्या 36 च्या तोट्यावर ॲसेट धरला नाही, अधिक 9. इथे बेरीज शून्य होते. मग आधीच्या वर्षांत धरलेला आणि आता काढून टाकलेला ॲसेट, अधिक 53. एकूण 53.

"मागच्या वर्षांत आपण दर वेळी तोटा पाऊण दाखवला," मी म्हटलं. "उरलेला पाव पुढच्या नफ्याच्या नावावर टाकला. तो पाव आता एकदम परत आलाय."

दुसऱ्या एकांनी विचारलं, मग आता हा तोटा वापरायचा हक्क गेला का? ही भीती मला नंतरही अनेकांकडून ऐकायला मिळाली. तसं काही होत नाही. रिटर्नमधला तोटा रिटर्नमध्येच राहतो, करखात्याला आमच्या ताळेबंदाशी देणंघेणं नाही. उद्या नफा झाला तर तोटा वजा होणारच. उलट आता तो टिपेत लिहावा लागतो: इतक्या तोट्यावर ॲसेट धरलेला नाही आणि त्यातला कुठला कधी संपतो. काकांच्या शीटमध्ये नसलेला मुदतीचा रकाना अशा रीतीनं छापील वार्षिक अहवालात पोचला. मला वाटतं, गुंतवणूकदाराला 60 च्या ओळीपेक्षा या टिपेनं जास्त सांगितलं असतं, तिचे आकडे खरे होते. एक गोष्ट त्या टिपेतही नव्हती. त्याच सुमारास एका गुंतवणूकदाराशी बोलणी चालू होती, आणि आमच्यासारख्या कंपनीत निम्म्याहून जास्त मालकी बदलली तर जुना धंद्यातला तोटा कायद्यानं गळून पडतो. बोलणी फिसकटली, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

पुढचं वर्ष 6 च्या तोट्याचं. त्याच्या पुढचं नफ्याचं, 20.

त्या वर्षी करपात्र उत्पन्न 19 आलं, जुन्या तोट्यातून पूर्ण वजा झालं, करंट टॅक्स शून्य. पत्रकात करपूर्व नफा 20, कर शून्य, करोत्तर नफा 20. साहेब खूश होते, आणि का नसावं. पण हाही आकडा आधीच्या तोट्यासारखाच खोटं बोलत होता, फक्त उलट्या दिशेनं. पूर्ण कर भरणारी कंपनी असती तर 15 दिसले असते. बक्षिसाचा हिशोब करोत्तर नफ्यावर करायचा अशी सूचना आली तेव्हा मी करपूर्व नफ्यावर करा म्हटलं. दोन-तीन जणांना ते आवडलं नाही.

"आता ते 53 परत आण," साहेब म्हणाले.

दर ताळेबंदाला पुन्हा बघायचंच असतं, प्रमाणकच तसं सांगतं. पण सहा वर्षं तोटा, एक वर्ष थोडा तोटा आणि एक वर्ष नफा, यातून भक्कम पुरावा होत नाही. मी जुना तक्ता उघडला. त्यात तीन ओळी वाढल्या होत्या. शेवटच्या ओळीत डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा पहिल्यांदाच एकमेकांच्या जवळ होते. आणि नव्या प्रोजेक्शनमध्ये वाढ 6 टक्के होती. मी काही बोलले नव्हते, ते साहेबांनी स्वतःच बदललं होतं.

त्या वर्षी काहीच धरलं नाही. पुढच्या वर्षी 22 करपात्र नफा झाला आणि त्यापुढच्या वर्षाच्या ऑर्डरी सहीशिक्क्यासह हातात होत्या. त्यांच्यावर 20 चा नफा निघत होता, म्हणून 5 चा ॲसेट धरला. फक्त पाच. बाईंनी त्या ऑर्डरी मागून घेतल्या आणि एकेका करारावर बोट ठेवून बघितल्या.

त्याच वर्षी पहिल्या वर्षाच्या तोट्याची मुदत संपली. 58 पैकी 41 वापरून झाले होते, 17 उरले. नव्या मुलानं, तो आता नवा राहिला नव्हता, विचारलं, "मॅडम, या सतराची एंट्री कुठली?"

टिपेतल्या तक्त्याची पहिली ओळ मी खोडली. एंट्री काहीच नव्हती.